पट्टणकोडोलीच्या जत्रेतून आणलेली घोंगडी, दोन पावसाळे वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, टोचते. अंगाला लागली की टोचते, मानेला लागली की जास्तच टोचते, आणि ज्यांना हे अजिबात चालणार नाही त्यांनी इथेच थांबून फ्लीसचं ब्लँकेट मागवावं. मऊ असतं, मशिनला टाकता येतं, माझ्या पोरांकडे पण तीच आहेत. ज्यांना टोचलं तरी चालेल त्यांच्यासाठी पुढचं लिहितेय.

खरं म्हणजे ही माझी दुसरी घोंगडी. पहिली ऑनलाईन घेतली होती, साईटचं नाव घेत नाही. फोटोत डोंगर, मेंढरं, पागोटं घातलेले आजोबा, आणि खाली "शंभर टक्के अस्सल हातमाग". पार्सल फोडलं आणि पहिल्यांदा शंका आली ती वासाने, म्हणजे वास नव्हताच म्हणून! आमच्या आजोबांची घोंगडी खुंटीवर असायची तर सोप्यात पाऊल टाकल्याबरोबर कळायचं की घोंगडी घरात आहे. हिला नव्या सोफ्याचा वास. मग आईने फोनवर सांगितलं, कडेचा एक धागा ओढ आणि काडी लाव. लावली. धागा वितळला, गोळा झाला, थंड झाल्यावर त्याचा काळा टणक मणी तयार झाला. लोकर अशी जळतच नाही, लोकर धुमसते, केस जळाल्यासारखी घाण येते, काडी बाजूला केली की आपोआप विझते आणि मागे राहते ती राख, जी चिमटीत चुरली जाते. माझ्या हातात ॲक्रिलिकचा मणी होता आणि त्याचे मी अठराशे रुपये दिले होते. रिटर्नला टाकलं तर उत्तर आलं की धागा ओढल्यामुळे प्रॉडक्ट डॅमेज झालंय, परत घेता येणार नाही. असो. मणी अजून ड्रॉवरमध्ये आहे.

मग ठरवलं की घेईन तर पट्टणकोडोलीतूनच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे गाव हातकणंगले तालुक्यात, कोल्हापूर जिल्हा, तिथे विठ्ठल-बिरदेवाची जत्रा भरते ऑक्टोबरच्या सुमाराला आणि महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र-तेलंगणातून धनगर समाज येतो. भंडारा इतका उधळतात की माणसं, चपला, मोबाईल, सगळं पिवळं होतं, आणि भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरं आणि लोकर पण उधळतात. लोकर उधळणारी दुसरी जत्रा मला तरी माहीत नाही. माझं माहेर तिथून जवळ, तरी लहानपणी मी तिथे फक्त पाळण्यांसाठी जायचे, घोंगडीच्या दुकानांकडे ढुंकून बघितलेलं नव्हतं.

एका सनगर (म्हणजे घोंगड्या विणणाऱ्या समाजातल्या) मामांचं दुकान, दुकान म्हणजे ताडपत्री आणि त्यावर घड्यांची चळत. मी आपली पुण्याची सवय, हात फिरवून म्हणाले, मामा, यातली मऊ नाही का? मामा म्हणाले, "ताई, मऊ पायजे असंल तर गादी घ्या की." बाजूची बाई फिस्सकन हसली. मग त्यांनीच खालून एक काढून दाखवली, जावळाची, म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिचा पोत खरोखर वेगळा होता, टोचत होती पण लाजत लाजत. किंमत ऐकून मी ती खाली ठेवली. साधी काळी घेतली, २८०० रुपयांना, शंभर रुपये कमी करा म्हणाले तर करून दिले आणि मला नंतर वाईट वाटलं, ते का ते खाली येईलच.

आता वस्तूबद्दल. रुंदी चार फूट, लांबी साडेआठ, रंग काळा म्हणजे छापील काळा नव्हे, मेंढीचाच, उन्हात धरली की तपकिरी झाक मारते आणि मध्येमध्ये पांढरा केस. रंगवलेली नाही, सबब रंग जायचा प्रश्नच नाही. भाजीच्या काट्यावर २ किलो ६०० ग्रॅम भरली. नवी असताना एवढी ताठ की भिंतीला टेकवली तर उभी राहिली, हा विनोद नाही, व्हिडिओ आहे माझ्याकडे. हा ताठपणा चिंचोक्याच्या खळीचा. चिंचोके भाजून टरफल काढून दळतात, शिजवून खळ करतात आणि माग भरायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कुंच्याने फासतात, मग हाताने कातलेला तो खरखरीत धागा विणताना तुटत नाही. वर्षभर वापरली की खळ हळूहळू मरते आणि घोंगडी अंगावर पडायला लागते. पहिले तीन महिने मात्र पुठ्ठा पांघरल्याचा अनुभव येतो.

टोचण्याचं कारण मी नंतर वाचलं तर ते अगदी साधं निघालं. लोकरीच्या केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, साधारण ३० च्या वर गेलं की कातडीला टोचतं, ते महागडे मेरिनोचे स्वेटर असतात त्यांचा केस २० च्या आसपास असतो, आणि आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या दुपटीच्याही वर. म्हणजे विणकराची चूक नाही, भेसळ नाही, मेंढीच तशी आहे. दुष्काळी माळावर दिवसाला मैलोनमैल चालणारी, बाभळीच्या शेंगा आणि वाळकं गवत खाऊन जगणारी मेंढी, तिच्या अंगावर रेशीम कुठून येणार.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि त्या नोंदवते. वीण सगळीकडे सारखी नाही, एका कडेला हातभर पट्टा चक्क विरळ आहे, उजेडाला धरलं की पलीकडचं दिसतं. दोन ठिकाणी धागा तुटून गाठ मारलीय. आणि पहिले दोन महिने काळे केस गळत होते, पांढऱ्या चादरीवर झोपायची सोय नव्हती, सासूबाई म्हणाल्या घरात कुत्रं पाळलंयस का. तिसरं म्हणजे कुसळं. विणीत अडकलेली गवताची कुसळं, मी चिमट्याने एकेक काढत बसले, एका रविवारी ३१ मोजली आणि मग सोडून दिलं. पायाला एक अजून सापडतं मधूनच.

वापराचं सांगायचं तर थंडीत पुण्यात ही जास्तच होते, डिसेंबर-जानेवारीचे पंधरा-वीस दिवस सोडले तर पांघरायला नकोच, अंथरायला छान. खाली घोंगडी, वर सुती चादर, हे कॉम्बिनेशन बेस्ट. पण तिची खरी परीक्षा झाली गावाकडे पावसात. आषाढात भावाच्या रानात गेले होते, आजोबा करायचे तशी खोळ केली (एक कोपरा आत दुमडून डोक्यावर टोपीसारखं घ्यायचं आणि बाकी पाठीवर सोडायचं, पहिल्या चार वेळा जमत नाही) आणि तासभर भुरभुर पावसात बांधावर उभी राहिले. पाणी वरच्या केसांवरून ओघळत होतं, आत पाठ कोरडी, आणि गरम! रेनकोटमध्ये जसा घाम सुटून आपण आतून भिजतो तसं अजिबात नाही, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. मग सर आली, धो धो, आणि दहा मिनिटांत घोंगडीने हार मानली. वजन दुप्पट झालं असेल, मान अवघडली, ओल्या मेंढीचा वास अख्ख्या घरात, आणि वाळायला चार दिवस! पहिल्या दिवशी दोरी तुटली, दुसऱ्या दिवशी पाऊस, तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली तुमचं घोंगडं आत घ्या नाहीतर बाहेर टाका, एक काय ते ठरवा. भिजत घोंगडं हा वाक्प्रचार आयुष्यभर वापरला, सरकारी कामांबद्दल, सोसायटीच्या लिफ्टबद्दल, पण तो कुठून आला ते त्या चार दिवसांत कळलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. त्याच भावाच्या रानात त्याआधी उन्हाळ्यात मेंढरं बसवली होती. मी तेव्हा सुट्टीला गेले होते म्हणून बघायला मिळालं. उसाचा खोडवा काढून रान मोकळं होतं, धनगरांचा वाडा आला, म्हणजे मेंढरांसकट फिरणारं त्यांचं बिऱ्हाड, दोन घोडी, कुत्री, कोंबड्या, कोकरं टोपलीत, आणि संध्याकाळी त्यांनी रानात वाघर लावली, म्हणजे जाळ्याचं कुंपण, त्यात दोन-अडीचशे मेंढरं रात्रभर बसली. दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकवली, तिसऱ्या रात्री अजून पुढे. लेंड्या आणि मूत दोन्ही जागच्या जागी मातीत, खुरांनी तुडवलेलं, आणि उजाडल्यावर भावाने लगेच कुळव मारून ते वरच्या थरात मिसळलं, ऊन चढायच्या आत, कारण नंतर त्यातलं नत्र उडून जातं असं तो म्हणतो आणि शेतकीच्या पुस्तकातपण तेच आहे. पुस्तकात असंही आहे की शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात आणि शेळ्या-मेंढ्यांच्या खतात ३ टक्के. तीन रात्रींचे त्याने साडेचार हजार दिले आणि वर पोतंभर शाळू. म्हणजे शेतकरी पैसे देतोय मेंढरांना आपल्या रानात झोपायला, हे माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलं तर कुणाला खरं वाटेना! त्यांना वाटायचं धनगर फुकट चारा खायला येतात.

भावाने माती तपासून वगैरे घेतलेली नाही, त्यामुळे कार्बन वाढला, मग इतके टक्के वाढला, असलं काही मी लिहिणार नाही. तो एवढंच म्हणतो की त्या तुकड्यातलं सोयाबीन शेजारच्यापेक्षा वेगळं दिसत होतं आणि युरियाची दोन पोती वाचली.

तर तेव्हा डोक्यात बसलं की माझ्या अंगावरची घोंगडी म्हणजे या सगळ्या व्यवहाराची फक्त एक बाजू आहे. मेंढी माळावर चरते, रात्री कुणाच्या तरी रानाला खत देते, दिवाळीच्या आसपास एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा तिची लोकर कातरतात, ती धनगरांच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका पिंजून कातायच्या, सूत सनगराकडे, सनगराचा माग, आणि घोंगडी पुन्हा त्याच धनगराच्या खांद्यावर पावसात. यात कुठेही बाहेरून काही आणावं लागत नव्हतं. फलटण-बारामतीकडचे वाडे तर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि भात कापलेल्या खाचरात मेंढरं बसवतात, म्हणजे देशावरचं माळरान खाल्लेली मेंढी कोकणातल्या भाताला खत घालते. कॅलिफोर्नियात रिबेका बर्जेस नावाच्या बाईंनी २०१० मध्ये ठरवलं होतं की वर्षभर फक्त आपल्या दारापासून १५० मैलांच्या आत पिकलेल्या, तिथेच रंगवलेल्या, तिथेच बनवलेल्या कापडाचे कपडे घालायचे, आणि त्यातून फायबरशेड नावाची संस्था उभी राहिली, आता जगभर त्याचं कौतुक आहे, व्हायलाच पाहिजे. वॉटरशेड म्हणजे पाण्याचा पाणलोट, तसा फायबरशेड म्हणजे धाग्याचा. मी माझ्या घोंगडीचा हिशोब घातला, लोकर सांगोल्याकडची, माग हातकणंगल्याच्या बाजूला, चिंचोके कुणाच्या तरी बांधावरचे, सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आत. मैल नाही, किलोमीटर!

आणि हे सगळं आता मोडायला आलंय, ते पण लिहायला हवं नाहीतर हा रिव्ह्यू जाहिरात होईल. जत्रेनंतर दोन महिन्यांनी मी मामांच्या घरी गेले माग बघायला. खड्डामाग, पाय खड्ड्यात सोडून बसायचं, खाली पावड्या, हातात धोटा, समोर फणी. चार बोटं विणायला किती वेळ लागतो ते मी घड्याळ लावून बघत होते आणि मामा ठोकता ठोकता सांगत होते. लोकर मिळत नाही. मेंढरं आहेत, पण लोकरीची नाहीत. सगळ्यांना मटणाची मेंढी पाहिजे. जतकडची माडग्याळी बघा, उंच, पोपटासारखं नाक, बाजारात तिला लाखात किंमत येते, अंगावर लोकर जेमतेम. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून नारी सुवर्णा काढली, धनगराला एकाऐवजी दोन कोकरं मिळाली, चांगलंच झालं, त्याने काय लोकरीसाठी उपाशी राहायचं? लोकरीला किलोमागे जे मिळतं त्यात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर माळावर टाकून देतात. मामा म्हणाले, "तिकडं फेकत्यात आन हितं मला मिळंना." फेकणारा आणि मागणारा यांच्यामध्ये गोळा करणारा, निवडणारा, धुणारा, पिंजणारा कुणीच उरलेला नाही, हे खरं दुखणं आहे. माग अजून आहे, मेंढीपण आहे, मधली साखळी गेली. कातणाऱ्या बायका सत्तरीच्या पुढच्या, सुना कातत नाहीत, आणि का काताव्यात, दिवसभराच्या कातण्याचे जे पैसे होतात ते एकदा ऐका. मग पर्याय काय, तर गिरणीचं तयार सूत आणायचं, आणि त्यात काय मिसळलंय ते काडी लावल्याशिवाय कळत नाही.

तिकडे माळरान पण आटतंय. कागदावर त्याला पडीक म्हणतात, आणि जे पडीक असतं त्यावर कुणीही काहीही उभारू शकतो. आमच्या भागात तर ऊस, रान मोकळंच राहत नाही, मेंढरं बसवायची कुठे.

हिशोब करून बघा. मेंढीमागे वर्षाला अर्धा-पाऊण किलो लोकर, त्यातली धूळ, लेंड्या, कुसळं गेली की अजून कमी. म्हणजे माझ्या २ किलो ६०० च्या घोंगडीत निदान पाच-सहा मेंढरांचं वर्ष आहे, शिवाय पिंजणं, कातणं, खळ, आणि मामांचे मागावरचे दिवस. २८०० रुपये. त्यातले शंभर मी कमी करून घेतले.

आता फुकटचा सल्ला, घेणाऱ्यांसाठी. घोंगडी विकताना हल्ली जे सांगतात, पाठदुखी जाते, बीपी उतरतो, लकवा बरा होतो, कंप थांबतो वगैरे, त्याकडे लक्ष देऊ नका. माझी पाठ दोन वर्षं हिच्यावर झोपून जशी होती तशीच आहे, फिजिओथेरपीने थोडी बरी झाली. मामांनी असलं काहीही सांगितलं नव्हतं, उलट मी विचारलं तर म्हणाले माझेच गुडघे दुखतात. घेताना कडेचा धागा मागून घ्या आणि काडी लावा, खरा विणकर चिडत नाही, काडेपेटी स्वतः देतो. उजेडाला धरून वीण बघा, मी बघितली नाही. धुवायची वर्षातून एकदा, गार पाण्यात, आपटायची नाही, गरम पाणी लागलं तर आटून घोंगडीची आसनपट्टी होईल. आणि कसर! कसर लागली तर एका पावसाळ्यात चाळणी करते. मी ऊन देऊन कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवते, मध्ये एकदा आळस केला तर कोपऱ्यात दोन भोकं पडली, रफू केलीत काळ्या दोऱ्याने, दिसतात.

मार्क द्यायचेच तर वस्तू म्हणून पाचपैकी साडेतीन. दीड कापला तो विरळ पट्ट्यासाठी आणि केस गळण्यासाठी. टोचण्यासाठी कापलेला नाही.

नवऱ्याने दोन वर्षं नावं ठेवून आता स्वतःसाठी पाहिजे म्हटलंय, आणि त्याला जावळाची पाहिजे, साहेबांना. मामांना फोन केला, पूर्ण पैसे आधीच पाठवते म्हणाले. मामा नको म्हणाले. दिवाळीच्या कातरणीला कोकरांची लोकर कुणी दिली तर फोन करतो, न्हाई मिळाली तर तुमचे पैशे माझ्याकडं अडकून बसायचे. फेब्रुवारी उजाडला, अजून फोन आलेला नाही. पुढच्या आठवड्यात भावाकडे वाडा येणार आहे, तेव्हा त्यांनाच विचारेन म्हणते.